डावी मोकळी

हेलिकॉप्टरचा वैमानिक उजवीकडे का बसतो, असं शाळेतल्या पोरांनी विचारलं की मला आनंद होतो. चौकशी समितीचे अध्यक्ष बर्वे साहेबांनी विचारलं तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. आमचा वैमानिक रेहान जाऊन महिना झाला होता. त्याच्या मरणाचा निवाडा करायला बसलेल्या माणसाला तो कुठल्या खुर्चीत मेला आणि त्या खुर्चीत का बसला होता, एवढंही माहीत नव्हतं.

"विमानात कॅप्टन डावीकडे बसतो ना?" ते चष्मा पुसत म्हणाले. "मग इथे उलटं का?"

त्यांना सांगितलं तेच इथेही सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

विमान हवेत एकदा सरळ लागलं की क्षणभर सोडून दिलं तरी सरळच जातं. हेलिकॉप्टरला तशी रीतभात नाही. एका जागी तरंगत असताना ते सतत कुठेतरी घसरायला बघतं. त्याला आवरणारी दांडी दोन गुडघ्यांच्या मध्ये असते. ती उजव्या हातात धरायची आणि धरूनच ठेवायची. डाव्या हाताला खुर्चीशेजारी एक तरफ असते, वर-खाली जाण्यासाठी. ती मात्र घट्ट करून थोडा वेळ सोडता येते. म्हणजे रेडिओ, बटणं, नकाशा हे सगळं डाव्या हाताच्या वाट्याला. बटणांची पट्टी दोन खुर्च्यांच्या मधोमध असते, आणि ती डाव्या हाताशी यायची तर माणसाला उजवीकडेच बसावं लागतं. जुन्या यंत्रांत तरफ एकच होती, तीही मधोमध, तेव्हापासून ही सवय पडली असंही जुने लोक सांगतात. कारण कुठलंही घ्या. खुर्ची उजवी ठरली, म्हणून माणसं वर ओढायचा दोरही उजव्या दाराला आला, वैमानिकाला दिसावा म्हणून. कड्याशी जायचं तर कडा उजव्या हाताला ठेवायचा, तोही दिसावा म्हणून.

आणि डावी बाजू? डावीकडचं, त्यातही डावीकडचं मागचं, वैमानिकाला दिसत नाही. म्हणून बचावाच्या हेलिकॉप्टरात मागे एक माणूस असतो. दोर सोडायचा-ओढायचा तोच. पण डावीकडे सरकायचं झालं की वैमानिक कानातल्या फोनवर विचारतो, "डावी?" मागचा माणूस डाव्या खिडकीशी जातो, बघतो आणि म्हणतो, "डावी मोकळी." त्यानंतरच सरकायचं. हे नियमांच्या पुस्तकात एका ओळीत आहे, आणि आमच्या रक्तात त्याहून खोल आहे. रत्नागिरीच्या आमच्या तळावर बारा वर्षं हा माणूस म्हणजे निळकंठ तांडेल होता. आमचा निळूभाऊ.

"होता?" बर्वे साहेबांनी विचारलं.

"होता. कंपनीने काढला."

कंपनीचं नाव व्योमसेतू. मुंबई-गोवा रस्त्यावरच्या टॅक्स्या चालकाशिवाय धावायला लागल्या, वाडीवस्तीवर औषधं उडत यायला लागली, तेव्हा या लोकांनी बचावाच्या हेलिकॉप्टरात बसवायचं यंत्र काढलं आणि नाव ठेवलं सव्यसाची. डावं-उजवं दोन्ही हातांना सारखंच, अशी त्यांची जाहिरात. दोरही तेच सोडणार, तेच ओढणार. मागचा माणूस नको. एक वैमानिक तेवढा देखरेखीला, उजव्या खुर्चीत, सवयीप्रमाणे.

रेहान मुकादम माझ्या हाताखाली तयार झाला. मला ताई म्हणायचा, माझ्या नवऱ्याला दाजी. सह्याद्रीच्या एका कड्यावर ट्रेकला आलेली मुलगी अडकली होती, तिला आणायला तो गेला. कडा उजवीकडे होता. वाऱ्याने हेलिकॉप्टर कड्याकडे ओढलं. सव्यसाची झटकन डावीकडे सरकला. डावीकडे दोन डोंगरांच्या मधली सामान वाहायच्या बंद पडलेल्या रोपवेची तार होती. मुलीला नंतर गिर्यारोहकांनी दोर लावून उतरवलं. रेहानला दरीतून वर आणायला दुसरा दिवस उजाडला.

कंपनीच्या वकिलांनी समितीच्या बंद खोलीत कॉकपिटमधला शेवटचा आवाज ऐकवला. पंख्यांची घरघर, वाऱ्याचा एक झपाटा, आणि मग रेहानचा आवाज, अगदी रोजचा, शांत.

"निळूभाऊ, डावी?"

मग कर्र असा एक आवाज, आणि पुढे जे काही होतं ते मी लिहिणार नाही.

"त्या हेलिकॉप्टरात निळकंठ तांडेल नव्हते," वकील म्हणाले. "कोणीच नव्हतं. कॅप्टन मुकादम रिकाम्या केबिनशी बोलत होते. वैमानिक भानावर नव्हता, साहेब. त्याने दांडीत हात घातला आणि यंत्राचा मार्ग बिघडवला. आमचं यंत्र निर्दोष आहे."

भानावर नव्हता! अहो, त्या खोलीत भानावर असलेला तो एकटाच होता, आणि तो मेलेला होता. वाऱ्याने ओढलं की डावी विचारायची, हे मी त्याला शिकवलं होतं. त्याने विचारलं. मागे कोणी नाही हे विसरून विचारलं, कारण जीव कासावीस होतो तेव्हा माणूस शिकलेलंच करतो. आणि विचारून तो थांबला, उत्तरासाठी. यंत्र थांबलं नाही. ही चूक असेल तर तसली चूक आमच्यातला एकूण एक माणूस करेल, मीसुद्धा.

निकाल मंगळवारी लागायचा होता. वैमानिकाची चूक असा शेरा पडला की राज्यभर जमिनीवर थांबवून ठेवलेली सगळी सव्यसाची यंत्रं बुधवारपासून पुन्हा उडणार होती. रेहानची आई बाहेर बाकावर बसून होती. तिला काय सांगावं मला कळेना, म्हणून मी मागच्या दाराने निघून गेले. त्याचाही राग मी कंपनीवरच काढला.

शनिवारी सुहृद पुण्याहून आला. सुहृद म्हणजे माझा नवरा. आणि व्योमसेतूमध्ये सव्यसाचीला शिकवणाऱ्या गटाचा प्रमुख. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण त्या महिन्याइतकं कमी आम्ही कधी बोललो नव्हतो.

मी आंबोळ्या घालत होते. तो ओट्याला टेकून उभा होता.

"इरा, तुला वाटतं तसं नाहीये ते. आम्ही यंत्राला नियम शिकवलेच नाहीत. तुमच्याकडूनच शिकवलंय त्याला. तुझ्याकडून, रेहानकडून, देशभरातल्या वैमानिकांकडून. वारा आला, हात असा हलला, हेलिकॉप्टर तसं वळलं. लाखो नोंदी आहेत. त्यातून ते शिकलं."

"आवाजाच्या नोंदी?"

"त्या नाहीत. कॉकपिटमधला आवाज अपघात झाल्याशिवाय उघडता येत नाही, कायदाच आहे तसा. आणि हवा कशाला? हेलिकॉप्टर काय तोंडाने उडवता तुम्ही?"

तो हसला. मी उलथनं खाली ठेवलं.

"सुहृद, आमच्यापेक्षा चपळ आहे म्हणता तुमचं यंत्र. ते कसं झालं?"

हा प्रश्न त्याच्या आवडीचा होता. चेहराच खुलला त्याचा. "कड्याजवळचा झटका बघ. तुम्हा सगळ्यांच्या नोंदींत एक मजा दिसली. वारा ओढतो, तुम्ही हेलिकॉप्टर आहे तिथे धरून ठेवता, आणि दीड-दोन सेकंदांनी डावीकडे सरकता. दर वेळी, प्रत्येक जण. ती दीड-दोन सेकंदं नुसती वाया. प्रतिक्रियेला माणसाला वेळ लागतो, दुसरं काय! आम्ही ती कापून टाकली."

"कापलीत?"

"तिथे काही घडतच नव्हतं गं. हात स्थिर असायचा."

"तिथे निळू बोलत होता!"

मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खिडकीतला रेडिओ कोणीतरी बंद केला. तव्यावरची आंबोळी करपत होती, करपू दिली. सुहृद माझ्याकडे बघत राहिला. हुशार माणूस आहे तो. त्याला कळायला दीड-दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला नाही.

"पण कॅमेरे आहेत," तो म्हणाला. "चारही बाजूंनी. ती तार त्यांना दिसली होती. नोंद आहे."

"दिसली असेल. दिसल्यावर काय करायचं, हे कुणाकडून शिकलं ते? आमच्या हातांकडून. आणि डावीकडचं बघून आमचे हात आयुष्यात कधी हलले नाहीत, कारण आम्हाला डावीकडचं दिसतच नाही! डावी बाजू सदा मोकळी असते, तिच्याकडे लक्ष द्यायचं कारण नाही, एवढंच शिकलं तुमचं यंत्र. अडथळ्याची घंटा होती ना वेगळी?"

"बचावाच्या वेळी ती बंद असते. कड्याजवळ सारखी वाजते म्हणून..."

"म्हणून बंद केलीत. छान."

तो खुर्चीवर बसला. "ही शक्यता आहे, इरा. सिद्ध करायला सहा महिने लागतील. मला तपासू दे. तोवर तू समितीपुढे काही बोलू नकोस. मी स्वतः तळेकरांशी बोलतो." तळेकर म्हणजे त्याच्या कंपनीचे संचालक.

"आणि मंगळवारी रेहानच्या नावावर शिक्का बसू दे?"

"माझी आठ वर्षं आहेत त्या यंत्रात."

"तो या टेबलावर जेवलाय, सुहृद. दाजी, दाजी करत तुझ्या ताटातले मासे पळवायचा."

"मला ते आठवत नाही असं वाटतं तुला?"

"आठवतं तर बोल सोमवारी. तू बोललास तर ते ऐकतील. मी बोलले तर म्हणतील, आपल्या पोराला वाचवतेय."

करपलेली आंबोळी मी त्याच्या ताटात वाढली आणि त्याने ती मुकाट्याने खाल्ली.

सोमवारी तो समितीपुढे बसला होता, तळेकरांच्या शेजारी, आणि गप्प होता. मग मीच बोलले. सगळं सांगितलं, दीड-दोन सेकंदांसह. सुहृद टेबलाकडे बघत राहिला. तळेकर हसले.

"मॅडमच्या भावना समजू शकतो. पण हा कल्पनाविलास झाला. सव्यसाचीला चारही बाजू दिसतात."

"मग दाखवा," मी म्हणाले. "उद्या, निकालाच्या आधी. विमानतळामागे चिऱ्याची जुनी खाण आहे. तिची भिंत उजवीकडे ठेवायची. दुपारचा समुद्रवारा तिथे गरगरतो, हेलिकॉप्टर भिंतीकडे ओढतो. डावीकडे मी एक काठी उभी करते. कोवळा चिवा, बोटाएवढ्या जाडीचा बांबू."

"पन्नास काठ्या लावा," तळेकर म्हणाले.

"एक पुरे. देखरेखीला मी उजवीकडे बसेन. डाव्या खुर्चीत सुहृद करंदीकर बसतील."

सुहृदने पहिल्यांदाच मान वर केली. बर्वे साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुमची हरकत?"

हरकत घेतली असती तर आपल्याच यंत्रावर भरवसा नाही, असं झालं असतं. "नाही," तो म्हणाला.

निळू आता मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात होता. बर्फाच्या लाद्या ओढून त्याचे हात लाल झाले होते. चिवा हवा म्हटल्यावर कशाला म्हणून त्याने विचारलं नाही. विचारलं ते दुसरंच.

"मॅडम, रेहान शेवटी काय बोल्ला? पेपरात आलंय, काय तरी बडबडत होता म्हणून. असा नव्हता तो. तुमी ऐकलंव ना?"

मी ऐकलं होतं. पण त्याच्या तोंडाकडे बघून मला ते सांगवेना.

"उद्या सांगते," मी म्हणाले. "चिवा उंच हवा हं, निळूभाऊ."

मंगळवारी दुपारी खाणीच्या काठावर मंडप घातला होता. समिती, कंपनीची माणसं, रेहानची आई. आमच्या कानातल्या फोनवरचं बोलणं मंडपातल्या कर्ण्यावर ऐकू यावं, अशी मी अट घातली होती. तळेकरांनी तीही हसत मान्य केली. निळूने चिवा रोवला होता, शेंड्याला तांबडं फडकं बांधून. मग तो कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. मंडपात यायला त्याच्याकडे पास नव्हता.

सव्यसाचीने हेलिकॉप्टर उचललं. खरं सांगायचं तर सुरेख उचललं. मला राग याचाही आला. भिंत उजवीकडे ठेवून ते खाणीत तरंगत उभं राहिलं, पाण्यावरच्या पानासारखं. माझा हात दांडीपासून चार बोटांवर होता. यंत्र सोडवायचं बटण डाव्या अंगठ्याखाली.

"बघ," सुहृद म्हणाला. "किती स्थिर आहे."

"वारा येऊ दे."

तो आला. भिंतीवरून खाली वळलेला एक जड झपाटा. हेलिकॉप्टर चिऱ्याच्या भिंतीकडे ओढलं गेलं. माझ्या घशाशी शब्द आला, 'डावी?' मागे कोणी नव्हतं. मी दात आवळले आणि तो गिळला.

सव्यसाची थांबला नाही. निमिषभरात तो डावीकडे सुटला. मला डावीकडचं काही दिसत नव्हतं. मला दिसत होता फक्त सुहृदचा चेहरा, आणि सुहृदला दिसत होतं ते तांबडं फडकं.

"डावी!" तो किंचाळला. "डावी नको! काठी आहे! थांब! अरे थांब!"

मी बटण दाबलं, दांडी ओढली. मी आधीच सावध असूनही पात्यांच्या टोकाने चिव्याचा शेंडा उडवला. फडक्याच्या चिंध्या काचेवरून गेल्या. हेलिकॉप्टर आडवं झालं, सावरलं. मी ते हाताने खाली आणलं आणि मंडपासमोर टेकवलं.

पाती थांबेपर्यंत सुहृद हलला नाही. त्याचे दोन्ही हात पुढ्यातल्या पट्टीवर होते. मला त्याची दया आली असती. आली नाही, हेही सांगून टाकते.

मंडपात रेहानच्या आईने तोंडाला पदर लावला होता. बर्वे साहेब उठून उभे राहिले. त्यांना इतके दिवस मी मनात खूप शिव्या दिल्या होत्या, पण त्या दिवशी त्यांनी प्रश्न विचारला तो नेमका विचारला.

"मिस्टर करंदीकर, आताच कर्ण्यावर ऐकला तो आवाज तुमचा?"

"हो."

"'थांब' कुणाला म्हणालात?"

सुहृदने तळेकरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"यंत्राला," तो म्हणाला.

"त्याला ऐकू येतं?"

"नाही."

"तुमच्या हेलिकॉप्टरात, ऐकून थांबेल असं कोणी होतं?"

"वैमानिक," सुहृद म्हणाला. "फक्त वैमानिक. त्या दिवशीही... कॅप्टन मुकादम भानावर होते, साहेब. त्यांनी बरोबर विचारलं होतं. उत्तर द्यायला आम्ही कोणाला ठेवलं नव्हतं."

तळेकर उठून काहीतरी बोलायला लागले. बर्वे साहेबांनी हातानेच त्यांना खाली बसवलं आणि कारकुनाला सांगितलं, वैमानिकाच्या चुकीचं कलम खोडा, सगळी यंत्रं जमिनीवरच राहतील. रेहानची आई माझ्यापाशी आली. माझा हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही.

इथे मी थांबले असते तर बरं झालं असतं. नवऱ्याला माफ केलं असतं, घरी जाऊन चहा केला असता. पण गाडीपाशी सुहृद धावत आला. डोळे लाल होते, आणि तरी त्यात पुन्हा ती जुनी चमक आली होती.

"इरा, यावर उपाय आहे. सोपा आहे. तळेकरांशी बोललो आत्ताच. ती दीड-दोन सेकंदं आपण परत घालू. यंत्र आधी थांबेल, मग सरकेल. अगदी तुमच्यासारखं."

मी उघडलेलं गाडीचं दार पुन्हा लावलं.

"थांबेल आणि काय करेल?"

"थांबेल. मग..."

"मग सरकेल. तारेवरच. दोन सेकंद उशिरा. सुहृद, आम्ही थांबत नव्हतो रे, आम्ही ऐकत होतो! त्या सेकंदांत एक माणूस खिडकीपर्यंत जायचा, बाहेर डोकं काढून बघायचा आणि स्वतःच्या जबाबदारीवर एक शब्द बोलायचा. माणूस काढून टाकलात आणि त्याची रिकामी जागा तेवढी परत मांडताय? आणि ती मांडून पुन्हा कुणाचं तरी पोर वर पाठवणार?"

"मग मी काय करू?"

"ते मला विचारू नकोस. पुण्याला जा. उत्तर सापडलं तर ये, नाही तर येऊ नकोस."

तो तिथेच उभा राहिला. मी गाडी काढली.

कुंपणापाशी निळू उभाच होता. उडून कुंपणापाशी पडलेला चिव्याचा शेंडा त्याने हातात घेतला होता. मी गाडी थांबवली आणि उतरले.

"जमलं ना, मॅडम?"

"जमलं. रेहानचं नाव सुटलं."

त्याने मान हलवली. मग चिव्यावर उरलेली चिंधी सोडवता सोडवता म्हणाला, "तुमी सांगणार होतांव. काय बोल्ला तो?"

मी सांगितलं. "वाऱ्याने ओढलं तेव्हा त्याने तुला विचारलं, निळूभाऊ. म्हणाला, 'निळूभाऊ, डावी?' आणि तू काय म्हणतोस त्यासाठी थांबला."

निळूने चिंधीची गाठ तशीच सोडून दिली. त्याने वळून पाहिलं. आधी खाणीकडे, मग पार मागे, सह्याद्री असेल त्या दिशेला, डोळ्यांवर हात धरून, डाव्या खिडकीतून बघावं तसं.

"नाय रे बाबा," तो हळूच म्हणाला. "डावी मोकळी नाय. तार हाय. थांब."